नावाआधीचं कै.

एप्रिलमधल्या एका सकाळी ऑफिसात शिंदखेडा तालुक्याचा नकाशा उघडला, तर तो कोरा निघाला. गावं होती, रस्ते होते, सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेची रेघ होती, वरच्या अंगाला तापीचं पात्र होतं. ठिपके नव्हते.

ठिपके म्हणजे नोंदी. गावोगाव इंटरनेटची केबल टाकायची तर आधी संगणकावर आराखडा करावा लागतो, आणि आराखड्यासाठी जमिनीवर जे आहे ते सगळं कुणीतरी जाऊन पाहावं लागतं. विजेचा खांब, रस्त्याखालची मोरी, शाळा, ग्रामपंचायत, केबल रस्ता ओलांडेल ती जागा. पाहणारा माणूस फोनवर नोंद करतो आणि ती आमच्या नकाशावर ठिपका होऊन येते. ठिपक्यावर क्लिक केलं की बाजूला चौकट उघडते. काय आहे, कुठल्या गावात, कुणी पाहिलं, कुठल्या तारखेला, शेरा. एका तालुक्याचे सगळे ठिपके एकदम दाखवले तर नकाशा मुंग्या लागलेल्या गुळासारखा दिसतो. म्हणून गाळायचं. फक्त खांब दाखव. फक्त या गावाचे दाखव. फक्त ज्यांची पाहणी पूर्ण आहे तेच दाखव. आमच्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं, 'फिल्टर लाव', 'फिल्टर काढ'. जे गाळलं जातं ते पुसलं जात नाही, आतच असतं. पण सॉफ्टवेअर केबलचा मार्ग शोधतं ते फक्त समोर दिसणाऱ्या ठिपक्यांतून. जे दिसत नाही तिकडे केबल जात नाही.

शिंदखेड्याच्या सगळ्या नोंदी माझ्या धाकट्या भावाच्या होत्या. तो जानेवारीत गेला.

आमचं ऑफिस जळगावच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांचे वडील वायर आणि पाइप विकायचे, आजोबा राजस्थानातून आले ते धान्याच्या व्यापारात. हे केबलच्या कंत्राटात आले. मोठं काम धुळ्याच्या एका कार्यालयाकडून मिळतं, ते आम्ही करून देतो. मी टेबलावरचं काम करते. भाऊ पाहणीला फिरायचा. त्याला मीच लावलं होतं. शिंदखेडा तालुका त्याला दिला, कारण आमचं गाव नरडाण्याजवळ, त्याच तालुक्यातलं. माय तिथं असते. वडील, म्हणजे आबा, पुष्कळ आधी गेले.

दुपारी तो कुठल्यातरी बांधावरून फोन करायचा.

"अक्का, भलतं ऊन शे. खांब बी सावली शोधी ऱ्हायनात."

"जेवलास का?"

"एक आजीनी भाकर दिधी. तिले वाटनं मी लाईट तोडाले उना."

"मग भाकर कशाला दिली?"

"लाईट तोडू नको म्हनीसन."

तो शेरेही असेच लिहायचा. खांब वाकडा शे पन उभा ऱ्हाई. मोरी शे, पानी नही. धुळ्याला हे चालत नसे, म्हणून संध्याकाळी बसून मी ते पुस्तकी मराठीत करायची. खांब कललेला, वापरण्यायोग्य. मोरी कोरडी. त्याला ते नंतर दिसायचं आणि तो चिडवायचा. "तू बठ्ठं पुस्तकी करी टाकस. खांबले काय समजस?" मी म्हणायची, खांबाला नाही, साहेबांना समजायला हवं. "साहेबले इकडे धाड," तो म्हणायचा, "आजीनी भाकर खाऊ घालू."

डिसेंबरात त्याला कावीळ झाली. आधी गावात नाकात औषध घालून आणलं, पथ्य पाळलं. धुळ्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही. लिहायला बसले की या वाक्यांपाशी हात थांबतो.

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर येतात. येतात, ओट्यावर बसतात, फार बोलत नाहीत, आणि उठताना 'येतो' म्हणत नाहीत. ऑफिसातून शेठ आले होते, आणि नाना. नाना आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने. असोद्याहून येऊन-जाऊन करतात. घरची केळी आहेत, नोकरी करायची त्यांना तशी गरज नाही, पण घरी बसवत नाही म्हणतात. शेठना ओट्यावर हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. नाना मांडी घालून बसले आणि बऱ्याच वेळानं मायला म्हणाले, "वहिनी, पोरानं काम मात्र पुरं करून ठेवलं. तालुक्यात एक गाव सोडलं नाही." मायनं मान हलवली. तिला ते ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. उत्तरकार्याच्या गंधमुक्तीलाही नाना आले, एकटे, एसटीनं.

त्यानंतर मी कामावर गेले. लोकांना वाटलं लवकर आली. मला खोलीत बसून काय करायचं ते कळत नव्हतं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक उशीशी होतं, त्याची मुदत संपून गेली, मी दंड भरला आणि तेच पुस्तक परत घेऊन आले. वाचत मात्र नव्हते. पान उघडायचं, ओळी दिसायच्या, एवढंच. ऑफिसात त्यापेक्षा बरं होतं. तिथं वाचायचं नसतं, रकाना बघायचा असतो. फेब्रुवारी-मार्च मी भडगावचा आराखडा केला. गिरणा कुठं ओलांडायची, पुलाच्या कठड्यावरून की पात्राखालून, यात दिवस जायचे. तिथल्या पाहणीचा माणूस दुसरा होता, त्याचे शेरे सरळ आणि कोरडे. मला काही बदलावं लागलं नाही.

मग शिंदखेड्याची पाळी आली आणि नकाशा कोरा निघाला.

शेठ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी दोनदा स्क्रीन ताजी करायला लावली.

"फोनमधून वर चढल्याच नसतील," ते म्हणाले. "नेटवर्क कुठं असतं तिकडे. राहिल्या असतील त्याच्या फोनमध्ये."

"मी रोज बघत होते, शेठ. येत होत्या."

"येत होत्या, मग कुठं आहेत?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आखाजीच्या सुट्टीआधी आराखडा धुळ्याला द्यायचा आहे. नाशिकची एक टीम आहे, आठवड्यात सगळा तालुका फिरतील ते. गुरुवारी मी त्यांना हो म्हणतो. त्याआधी त्याच्या नावावर जे काही अर्धंमुर्धं आत राहिलं असेल ते साफ करून टाका, म्हणजे एका खांबाचे दोन ठिपके नकोत."

मी "बरं" म्हटलं. त्याचा वर्षभराचा उन्हातान्हातला फेरा गुरुवारी पुसला जाणार आणि पुसणार मी, हे मला त्या क्षणी नीट समजलं होतं. डबा खाल्ला. शेवग्याच्या शेंगा होत्या. हात धुऊन जागेवर आले.

आमच्याकडे रोजच्या कामाचा एक फिल्टर साठवून ठेवलेला आहे. नकाशा उघडला की तो आपोआप लागतो. त्यात अटी चार. तालुका हाच. पाहणी पूर्ण. नोंद दुबार नाही. आणि पाहणी करणारा धुळ्याच्या मंजूर यादीतला. ही यादी धुळ्याहून येते, नाव आणि मोबाइल नंबर अशी, आणि तिला आम्हाला हात लावता येत नाही. मी पहिली अट काढली. नकाशावर भडगावचे ठिपके आले, शिंदखेडा तसाच. ती परत लावली, दुसरी काढली. काही नाही. तिसरी काढली. काही नाही. चौथी काढली, आणि तालुका भरून आला. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीपासून तापीकाठापर्यंत, खांब पिवळे, मोऱ्या निळ्या, शाळा लाल. एकही गाव रिकामं नव्हतं.

मी एका ठिपक्यावर क्लिक केलं. चौकट उघडली. 'पाहणी करणारा' या रकान्यात त्याच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं होतं.

दुसरा ठिपका उघडला. तिथंही. तिसरा. जिथं क्लिक करावं तिथं. नोव्हेंबरातल्या नोंदीवर कै. आदल्या पावसाळ्यातल्या नोंदीवर कै. आजीनं भाकर दिली होती त्या गावाच्या खांबावरही कै. मंजूर यादीत त्याचं नाव नुसतं होतं, आणि फिल्टर अक्षराला अक्षर लावून बघतो. या नावाचा माणूस यादीत नाही, म्हणून त्यानं सगळा तालुका बाजूला ठेवला होता.

आमच्या ऑफिसातली युजरची यादी वेगळी, ती नाना सांभाळतात. तिथं एका जागी नाव बदललं की सगळ्या नोंदींत बदलतं. मी त्यांच्या टेबलाशी गेले.

"नाना, यादीत त्याच्या नावात तुम्ही काही बदल केला का?"

"बदल नाही केला. कै. लावलं."

"कधी?"

"तुमच्या गावाहून आलो, गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी. का गं?"

"त्यामुळे फिल्टरला तो सापडत नाही. नोंदी लपल्यात."

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लपल्या म्हणजे गेल्या?"

"गेल्या नाहीत. लपल्या."

"माणूस गेल्यावर नुसतं नाव कसं लिहायचं?" ते म्हणाले. कारण सांगत नव्हते, खरंच विचारत होते. "लग्नाच्या पत्रिकेत लिहितो, शाळेच्या पाटीवर लिहितो. मी उघडलं तर त्याचं नाव तसंच होतं, उद्या कामावर येणार असल्यासारखं. मला बघवलं नाही."

"काढाल का ते?"

"मी नाही काढणार, पोरी. लावलेलं कै. काढतात का कुठं? माझ्या हातून त्याला काही व्हायला नको." बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तू काढ. तू घरची आहेस. तुला चालेल."

तोवर शेठ आले होते. मी त्यांना सांगितलं. ते आधी नानांकडे बघून हसणार होते, हसले नाहीत. "त्यापेक्षा सोपं सांगतो," ते मला म्हणाले. "त्याच्या नावाच्या जागी तुमचं नाव टाका. तुम्ही मंजूर यादीत आहात. कै.ची भानगडच नको."

"मी शिंदखेड्यात एकही खांब पाहिलेला नाही, शेठ."

"कोण बघायला येतंय कुणी पाहिला ते? आणि उद्या धुळ्याहून फोन आला तर तो काय उचलणार आहे?" मग ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मला राग आला नाही. राग यावा असं काही आहे, हे मात्र समजत होतं. घराबाहेर कुणी मोठ्यानं बोलतंय आणि दार लावलेलं आहे, तसं. माझं नाव टाकलं तर काम राहणार होतं, पण ते माझं होणार होतं. कै. ठेवलं तर मान राहणार होता आणि गुरुवारी काम पुसलं जाणार होतं. मी नानांच्या खुर्चीवर बसले. त्यांनी खुर्ची लगेच दिली. यादी उघडली, त्याच्या नावाआधी कर्सर नेला आणि मागे जात टिंब खोडलं. मग 'कै' खोडलं. जतन करू का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. हो म्हटलं.

जागेवर येऊन चारही अटींचा फिल्टर लावला. तालुका भरलेलाच राहिला.

"आले की," शेठ म्हणाले आणि फोन करायला गेले, नाशिकच्या लोकांना नको म्हणून सांगायला. नानांनी स्क्रीनकडे बघितलं नाही. ते जिना उतरून खाली गेले आणि नळावर हात-पाय धुऊन आले.

आराखडा बुधवारी धुळ्याला गेला. सॉफ्टवेअरनं आमच्या गावाला केबल पश्चिमेकडून आणली, शाळेच्या मागून. माझ्यावर असतं तर मी चौकातून आणली असती. पण त्यानं शाळेमागच्या खांबांना 'सरळ शे' म्हटलं होतं आणि चौकातल्या खांबांना 'भरोसा नही', आणि मी त्या दोन्हीचं पुस्तकी करून ठेवलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेले. जळगावहून नरडाण्याला गाडीनं, तिथून रिक्षानं. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. गल्लीत लिंबाला झोका बांधला होता, मुली गाणी म्हणत होत्या. आमच्या दारापुढून जाताना त्या आवाज खाली करायच्या आणि पुढे गेल्यावर परत सुरू करायच्या. मायनं मातीची घागर आणून ठेवली होती. तिच्यात पाणी भरलं, वर लोटा, लोट्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. सांजोऱ्या केल्या होत्या. घरात गेलेल्या माणसांच्या नावानं निखाऱ्यावर घास आणि तूप टाकतात, त्याला आगारी म्हणतात. माय एकेकाचं नाव घेऊन घास टाकत गेली. आज्याचं, आजीचं, आबांचं. मग घास हातात धरून थांबली. तूप तिच्या बोटांवरून ओघळत होतं. तिनं त्याचं नाव घेतलं, पण जेवायला हाक मारायची त्याच आवाजात, दाराकडे तोंड करून. मी निखाऱ्यांना वारा घालत होते. घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन वाजला.

तो फोन माय भिंतीतल्या देवळीत ठेवते, वायर लावून. रिचार्ज शेजारच्यांकडून करून घेते, हे मला तेव्हा कळलं. मी चुलीपाशी होते. तिनं पदराला हात पुसून फोन उचलला.

"कोन बोलस?" मग थोडं ऐकून, "तो नही शे." परत ऐकलं. "कव्हय येई? नही येवाव तो." पलीकडचा माणूस बोलतच होता. तिनं फोन माझ्याकडे केला. "त्याले कामवर बलाई ऱ्हायनात," ती म्हणाली.

धुळ्याच्या कार्यालयातला इंजिनिअर होता. शिंदखेड्याच्या नोंदींची नमुना तपासणी आहे, उद्या काही ठिकाणं प्रत्यक्ष बघायची, पाहणी करणारा हजर पाहिजे.

"तो जानेवारीत वारला," मी म्हटलं.

"मग त्याचं नाव अजून चालू कसं?"

"मी चालू केलं."

"तुम्ही कोण?"

"बहीण. आराखडा मीच केलाय, जळगावहून."

"मॅडम, पाहणी करणारा हजर नसेल तर नियमानं नोंदी रद्द होतात. सगळ्या."

"मी उभी राहते त्याच्या जागी."

"तुम्ही ही ठिकाणं बघितलीत?"

"नाही. नोंदी वाचल्यात. सगळ्या."

"वाचलेल्या आम्हीही आहेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "नरडाणा स्टेशनबाहेर या. बघू."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर मोटरसायकलवर आला, तोंडाला रुमाल बांधून. रुमाल सोडल्यावर दिसलं, भावाएवढाच असेल. त्यानं टॅबलेट काढला. टॅबलेटवर त्यानं त्याचा फिल्टर लावला होता. फक्त 'तपासणी बाकी'. आम्ही एकेका ठिपक्यापाशी जायचो. तो खांबाकडे बघायचा, शेरा बघायचा, 'बरोबर' दाबायचा, आणि तो ठिपका त्याच्या नकाशावरून नाहीसा व्हायचा. शाळा, बरोबर. मोरी, कोरडी, बरोबर. कललेला खांब अजून कललेलाच होता. त्यानं तो हातानं ढकलून पाहिला.

"वापरण्यायोग्य लिहिलंय," तो म्हणाला. "एवढा वाकडा?"

"पण उभा आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय." त्यानं 'बरोबर' दाबलं.

महामार्गाकडे जाणाऱ्या फाट्यावर एक खांब नोंदीत होता आणि जागेवर नव्हता. खडी टाकलेली होती, बाकी काही नाही. इंजिनिअरनं दोनदा जागा ताडून पाहिली. "ही चुकली मॅडम," तो म्हणाला. "एक चुकली की मला बाकीच्यांवर प्रश्न टाकावा लागतो."

शेजारी पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी त्याला विचारलं, इथं खांब होता का.

"होता ना," तो म्हणाला. "होळीच्या आधी काढला, रस्ता रुंद केला तवा. आमची लाईट दोन दिवस बंद. तुम्ही लाईटवाले का?"

"नाही."

"मंग बरं. मी शिव्या द्यायला बसलोच होतो."

इंजिनिअरनं नोंदीची तारीख पाहिली. नोव्हेंबर होती. तो म्हणाला, "पाहिला त्या दिवशी खांब होता. मग नोंद बरोबर आहे. 'नंतर काढला' असा शेरा मी टाकतो." त्यानं टाकला. तो ठिपकाही गेला.

सगळे ठिपके संपले तेव्हा दुपार झाली होती. त्याची स्क्रीन रिकामी होती. 'तपासणी बाकी' मध्ये काही उरलं नव्हतं. खाली दोन रकाने भरायचे होते. 'तपासणीस हजर' इथं त्यानं माझं नाव लिहिलं, जळगाव लिहिलं. 'पाहणी करणारा' इथं त्याचं बोट थांबलं.

"याचं काय करू? मयत लिहू का पुढे?"

"आमच्या ऑफिसात एकांनी कै. लिहिलं होतं. मी काढलं."

त्यानं तारखेच्या रकान्याकडे पाहिलं. "पाहणी केली त्या दिवशी ते होते ना?"

"होते."

"मग राहू द्या तसंच," तो म्हणाला आणि जतन केलं. रुमाल परत तोंडाला बांधताना म्हणाला, "मंजूर झालं हे. आता या नोंदींसाठी कुणी फोन करणार नाही तुम्हाला."

घरी आले तेव्हा माय उंबऱ्यात बसली होती. सकाळपासून तशीच बसली असावी. तिनं मला पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत थांबली.

"काय म्हने तो?"

"काम बरोबर निघालं सगळं. ठेवलं त्यांनी."

"आनि नाव?"

"नाव पण ठेवलं."

तिनं मान हलवली. मग देवळीकडे बघून म्हणाली, "परत कव्हय बलावतीन?"

"आता नाही बोलावणार, माय. संपली तपासणी."

"मंग आते त्याले कोनी बलावाव नही."

"नाही."

ती उठली. मला वाटलं फोनची वायर काढेल. तिनं काढली नाही. फोन हातात घेतला, पदरानं पुसला, आणि होता तसा, वाजला तर ऐकू येईल असा, देवळीत ठेवला. मग आम्ही दोघी परवाच्या सांजोऱ्या घेऊन जेवायला बसलो.